पाव टक्क्याची राखण

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गेल्या मंगळवारी सकाळपासून चेन्नई शहर व उपनगरांतील समस्त लोखंड पोरके झाले आहे. तवे, कढया, विळ्या, खिडक्यांचे गज, जिन्यांचे कठडे आणि भंगाराचे लहानमोठे ढीग यांनी या सूचनेची नोंद घ्यावी आणि दोन मिनिटे गंजणे थांबवून श्रद्धांजली वाहावी.

वसुधाताई, हे वाचून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असता आणि म्हणाला असतात, "श्रीधर, गंज असा थांबत नाही. तेल लावावं लागतं." तेहतीस वर्षं माझ्या प्रत्येक नाटकी वाक्याला तुम्ही असंच जमिनीवर आणत आलात. आता रान मोकळं आहे, हवं ते बोलावं, कुणी अडवणार नाही. आणि बोलण्यात काही मजाच येत नाहीये.

स्मशानातली गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती तुम्हाला आवडेल. सेल्वम आला होता. आपला भट्टीवाला सेल्वम. आता सत्तरी ओलांडलीय, गुडघे गेलेत, पण मिशी होती तशी आहे. हातात शेवंतीचा हार. विद्युतदाहिनीचं दार बंद झालं, सगळे माना खाली घालून उभे, आणि हा गृहस्थ तिथल्या माणसाला हळूच विचारतो, "तंबी, आत किती डिग्री?"

तो चक्रावला. म्हणाला, आठशेच्या आसपास.

सेल्वमने माझ्याकडे बघून नाराजीने मान हलवली. "सार, मॅडमना सोळाशेची सवय."

मी त्याला कोपराने ढोसलं. मग आम्ही दोघं तोंडावर रुमाल धरून उभे राहिलो. हसत होतो की रडत होतो ते तुमच्या भावाला कळलं नाही. खरं तर आम्हालाही नाही.

घरी परतल्यावर मैलापूरच्या तुमच्या पुढच्या खोलीत चित्रा माझ्या शेजारी येऊन बसली. तुमची लाडकी भाची. सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत जाते, वाक्य तमिळमध्ये सुरू करते, इंग्रजीत उतरते, आणि मधल्या स्टेशनवर थोडं मराठी लागतं. म्हणाली, "अंकल, आत्या फॅक्टरीत एक्झॅक्टली काय करायची?"

"कार्बन मोजायची."

"तेवढंच?"

पोरीचा काही दोष नाही. तुम्ही घरी कधी कारखान्यातलं काही सांगितलं नसणार. पण ते 'तेवढंच' मला चार दिवस झोंबतंय. म्हणून हा लेख. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून येईल, आणि मी तो चित्राला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवणार आहे, हातवाऱ्यांसकट. सुटका नाही.

तेवढंच म्हणजे केवढं, हे मलाही तुम्हीच शिकवलंत. मी सांगलीहून अंबत्तूरच्या त्या ओतशाळेत स्टोअरकीपर म्हणून आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. लोखंड आणि पोलाद ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत, एक बाजारातलं आणि एक भाषणातलं, अशी माझी ठाम समजूत होती. पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीवरचा नवाकोरा डोशाचा तवा हातातून निसटून फरशीवर पडला आणि चक्क त्याचे दोन तुकडे झाले. ते तुकडे काखोटीला मारून मी कारखान्यात आलो, दुकानदाराने कसं फसवलं ते गावाला सांगत. तुमच्या प्रयोगशाळेच्या दारात तुम्ही मला अडवलंत. टेबलावर तीन वस्तू मांडल्यात: तव्याचा तुकडा, बांधकामावरची मऊ तार आणि तुमच्या डब्याच्या पिशवीतली आंबा कापायची सुरी.

"तिन्ही लोखंडच," तुम्ही म्हणालात. "तारेत कार्बन जवळजवळ नाही, म्हणून ती बोटाने वाकते. सुरीत शंभराला अर्धा-पाऊण. तुझ्या तव्यात तीनच्या वर."

"कार्बन म्हणजे?"

"कोळसा बघितलायस ना? तोच."

"म्हणजे कोळसा घातला की लोखंड घट्ट होतं?"

"बेताने घातला की. लोखंडाचे कण रांगांनी बसलेले असतात. ढकललं की एक रांग दुसरीवरून सरकते. कार्बनचे बारके कण मधेमधे शिरून बसले की रांगा अडतात. आपल्या बसमध्ये वाटेत कुणी तांदळाची पिशवी ठेवली की काय होतं?"

"कुणी पुढे सरकत नाही. कंडक्टर ओरडतो."

"तेच. पण पिशव्याच पिशव्या झाल्या तर लोखंडाच्या पोटात जागा पुरत नाही. कार्बन वेगळा साचतो आणि पडलं की तिथूनच फुटतं. तवा तापायला केलाय. तो पाडायला तुला कुणी सांगितलं?"

मी ते तुकडे गुपचूप भंगारात टाकले. दुकानदाराची अब्रू त्या दिवशी तुमच्यामुळे वाचली.

मग आपला तो कधीच न मिटलेला वाद. तुमचं घराणं तंजावरचं मराठी, कितीएक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. तुमच्या बोलण्यात आमच्या पणज्यांचे शब्द, मधेच तमिळ क्रियापद, आणि वाक्याच्या शेवटाला असा हेलकावा की प्रश्न आहे की उत्तर ते कळायला मला सहा महिने लागले. मी नवा, तरुण आणि अर्थातच शहाणा. म्हणालो, "ताई, गोड आहे, पण हे शुद्ध मराठी नाही."

तुम्ही परीक्षानळी विसळत होतात. न बघता म्हणालात, "शुद्ध लोखंडाचं काय होतं सांग. पूल? विळी? खिळासुद्धा होत नाही. आमच्या मराठीत इतकी वर्षं थोडा कार्बन पडत आलाय. म्हणून टिकलीय."

"पण किती पडलाय ते मोजलंय कुणी?"

"तीनच्या आत आहे. पडली तरी फुटत नाही."

याला मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तेहतीस वर्षांत सुचलं नाही. मंगळवारी घरी जाताना एग्मोरच्या सिग्नलला थांबलो असताना सुचलं. फार झकास आहे. तुम्हाला ऐकवता येत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

आता 'मोजणं'. आपण ट्रेलर ओढायचे हूक ओतायचो. त्यात पाव टक्का कार्बन असला की हूक ताण सोसतो, अगदीच वेळ आली तर वाकतो, पण धरलेलं सोडत नाही. तोच अर्धा टक्का झाला तर हूक दिसायला तसाच दिसतो, चमकतोही तसाच, आणि एखाद्या दिवशी चढावर कुणाला न सांगता तुटतो. चढावर मागे कुणी ना कुणी असतंच. म्हणून भट्टीतून पळीभर धातू काढायचा, तो थिजला की त्याला भोक पाडायचं, निघालेला चुरा तोलायचा आणि ऑक्सिजन सोडून जाळायचा. कार्बनचा वायू होऊन काचेच्या उभ्या नळीत चढायचा, नळीतल्या पाण्याची पातळी हलायची, आणि तुम्ही डोळा बारीक करून आकडा सांगायचात. सांगितला की सांगितला. तुम्ही ज्यावर सही केलीत असा एकही हूक तुटून परत आला नाही. हे मी छाती पुढे काढून लिहितो आहे, जणू मीच केलं.

आणि आता ती गोष्ट. दरवर्षी गणपतीत, मंडळाच्या कार्यक्रमात, लोक फर्माईश करतात म्हणून मी ती रंगवून सांगतो. तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकायचात. दरवर्षी मी तिच्यातली वीस मिनिटं गाळायचो. दरवर्षी मी स्टेजवरून खाली आलो की तुम्ही एवढंच विचारायचात, "झालं?" आणि मी म्हणायचो, "झालं." आज न गाळता सांगतो.

मला नोकरी लागून आठ महिने झाले होते. आयुधपूजेचा दिवस. लेथला, ग्राइंडरला, वजनकाट्याला, मुदलाळींच्या गाडीला, ऑफिसातल्या टाइपरायटरलाही चंदनाची बोटं आणि कुंकवाचे ठिपके. मुदलाळी म्हणजे आपले मालक: नेसणीला पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळभर विभूती, आणि देह असा की दारात उभे राहिले तर आत अंधार व्हावा. पहिला नारळ त्यांनी स्वतः फोडला. मग यंत्रागणिक नारळ फुटत गेले. खोबरं लोकांनी घरी नेलं. करवंट्या उरल्या. दोन पोती, थेट माझ्या स्टोअरच्या दारात.

दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सकाळी सहा वाजता पूजेनंतरची पहिली भट्टी लागायची होती. ती पोती बघून माझ्यातला सांगलीचा भिक्षुक जागा झाला. मोडक्या तमिळमध्ये आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांनी मी सेल्वमला समजावलं की आमच्याकडे होमाची सांगता नारळाने होते. पूर्णाहुती. नारळ अग्नीत जातो.

"आमच्याकडे फोडतात, सार," सेल्वम म्हणाला.

"मग फोडून झालाय. आहुती तेवढी राहिलीय."

हे त्याला पटलं. दोन थोर परंपरांचा असा मिलाफ त्या कारखान्याने पाहिला नव्हता. थंड भट्टीच्या तळाशी आम्ही दोघांनी दोन्ही पोती रिकामी केली, वर पोलादाचं भंगार भरलं, हात जोडले आणि वीज सोडली. कोळसा म्हणजे कार्बन हे मला तुम्ही शिकवलं होतं. करवंटी जळली की कोळसा होतो हे मला आईने शिकवलं होतं. या दोन शिकवण्यांची एकमेकींशी ओळख करून द्यायची मात्र राहिली होती. भट्टीतून असा दाट धूर निघाला की मुदलाळींनी आल्या आल्या डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाले, "आज भट्टीला देवळाचा वास येतोय."

तुम्ही तुमच्या वेळेला आलात. नमुना घेतलात. पाव टक्का हवा होता, नळीने अर्धा दाखवला. तुम्ही पुन्हा चुरा जाळलात. पुन्हा अर्धा. तुमची चिठ्ठी आली: ओतू नका.

मुदलाळी तरातरा भट्टीपाशी आले. शेजारीच जुन्या पंपांच्या तुकड्यांचा ढीग होता, ओतीव लोखंडाचा. माझ्या तव्याचा भाऊबंद, तीन टक्केवाला. तो चुकून पोलादात पडला तर कार्बन चढणारच. "झोपेत भरलंस ना भंगार?" ते सेल्वमवर गरजले. "चौदा वर्षं झाली आणि अजून ढीग ओळखता येत नाही? उद्यापासून येऊ नकोस."

सेल्वमने एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. पुढच्याच आठवड्यात त्याच्या बायकोचं वळैकाप्पू, म्हणजे आपल्याकडचं डोहाळजेवण, ठरलं होतं. कारखान्यातल्या झाडून सगळ्यांना त्याने आमंत्रण दिलं होतं.

मी खांबाला टेकून उभा होतो.

तेवढ्यात तुम्ही आलात. "मुदलाळी, वीस मिनिटं द्या. सिलिकॉन बघते."

"वीस मिनिटं धातू असा उकळत ठेवू? कशाला?"

"वीस मिनिटं," तुम्ही म्हणालात, आणि उत्तराची वाट न बघता पाठ फिरवलीत.

हीच ती वीस मिनिटं. स्टेजवर मी नेहमी असं सांगत आलो की मालक गरजले आणि मी बाणेदारपणे पुढे झालो. लोक टाळ्या वाजवायचे. वसुधाताई, मी पुढे झालो नव्हतो. मी तीनदा तोंड उघडलं आणि तिसऱ्यांदा एकाला चहा आहे का विचारलं. माझी नोकरी कच्ची होती, गाव लांब होतं, भाषा येत नव्हती, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही चालणारं नाही. समोर सेल्वम लांब सळीने भट्टीवरची मळी काढत होता. नोकरी गेली होती, तरी मळी साचली होती म्हणून काढत होता.

तुम्ही कागद घेऊन परत आलात. आवाज चढवला नाहीत. "ओतीव लोखंड पडलं असतं तर कार्बनबरोबर सिलिकॉनही चढलं असतं. त्यात ते भरपूर असतं. इथे सिलिकॉन जिथल्या तिथे आहे. एकटा कार्बन वाढलाय. सेल्वमने भंगार बरोबर भरलंय, मुदलाळी. कोळशासारखं दुसरंच काहीतरी आत गेलंय."

"काय गेलंय रे?" मुदलाळींनी सेल्वमला विचारलं. तो गप्प. "बोलत नाही म्हणजे काहीतरी लपवतोय!"

तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. त्या सबंध शेडमध्ये मराठी कळणारी माणसं दोनच. आणि तुम्ही मराठीत बोललात, अगदी संथ, कुणाला वाटावं हवापाण्याचं बोलताय.

"श्रीधर, सेल्वम एकटा असता तर एव्हाना बोलला असता. तो कुणाला तरी पाठीशी घालतोय. मी हे मराठीत विचारतेय. म्हणजे तू तमिळमध्ये सांगशील ते आपण होऊन सांगितलंस असं होईल."

नाव घेऊन बोट दाखवणं किती सोपं होतं. तुमच्या हातात कागद होता, आकडा होता, सगळा कारखाना होता. तुम्ही मला दार उघडून दिलंत आणि बाजूला उभ्या राहिलात. मी पुढे झालो आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण केलं. "मुदलाळी... नान... तेंगा... एल्लाम... उळ्ळे." मी. नारळ. सगळे. आत.

मुदलाळींनी भट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग वर छपराकडे. देवापुढे फुटलेल्या नारळांना शिव्या कशा द्यायच्या, हा पेच त्यांच्या विभूतीवर स्पष्ट उमटला होता.

"किती?"

"दोन पोती," सेल्वम पहिल्यांदाच बोलला.

"करवंटीचा कोळसा चांगला होतो," तुम्ही म्हणालात. "राख कमी."

मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानायला गेलो असतो तर ती वीस मिनिटं बाहेर काढावी लागली असती, आणि तुम्ही तर ती माझ्यासाठी इतकी व्यवस्थित झाकून ठेवली होतीत. 'झालं?' विचारताना तुमच्या डोळ्यांत काय असायचं ते मला ओळखू यायचं. आता लेखात लिहिलंय. सेल्वमला यातलं एक वाक्यही मराठीत वाचता येणार नाही, म्हणून रविवारी त्याच्या घरी जाऊन तोंडाने सांगणार आहे. माझं तमिळ आता बरं आहे. आणि चित्रा, तू ऐकते आहेस ना? तुझी आत्या कार्बन मोजायची. तिने मोजला म्हणून एका माणसाची नोकरी राहिली, दुसऱ्याचं तोंड उघडलं, आणि तिच्या पाव टक्क्यावर भरवसा ठेवून कितीएक गाड्या चढ चढल्या. आपल्या मंडळात पुष्कळ मोठी माणसं होऊन गेली. वसुधाताई, मी कुणापुढे इतका ताठ मानेने उभा राहिलेलो नाही, जितका तुमचं नाव सांगताना राहतो.

तर, भट्टी उकळत होती. मुदलाळी खचून म्हणाले, "आता हे सगळं फुकट?"

"हुकांना नाही चालणार," तुम्ही म्हणालात. "पण क्रेनच्या चाकांचे साचे तयार आहेत. पुढच्या आठवड्यात ओतायचे होते ना? चाकं झिजू नयेत म्हणून त्यांना असाच अर्धा टक्का लागतो. आज ओता."

सगळे धावले. साच्यांची तोंडं उघडली, धातू झेलायचा तापलेला डबरा क्रेनला लटकून भट्टीखाली आला. सेल्वम भट्टी कलंडवायच्या चाकापाशी जाऊन उभा राहिला. त्याला कुणी परत बोलावलं नव्हतं, कुणी जा असंही म्हणालं नव्हतं. धातूचा रंग बघून इशारा तुम्ही द्यायचात. तुम्ही निळी काच डोळ्याला लावलीत आणि काही दिसेना, कारण भट्टी आणि तुम्ही यांच्यामध्ये मुदलाळी उभे होते, अजून त्या दोन पोत्यांच्या धक्क्यात. तुमची उंची चपलांसकट पाच फूट. तुम्ही डावीकडून डोकावलात, उजवीकडून डोकावलात, टाचा उचलल्यात. त्या कारखान्यात मुदलाळींशी आपण होऊन कुणी बोलत नसे. ते समोरून आले की माणसं विडी लपवून भिंतीला चिकटत. आणि अर्ध्या तासापूर्वी नोकरी गेलेला सेल्वम, चाकावर दोन्ही हात ठेवून, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "मुदलाळी, जरा बाजूला सरका, मॅडमना दिसत नाहीये!"